काशिनाथअप्पांचा अंदाज

गाडी कधी मिळेल असं कुणी विचारलं, की काशिनाथअप्पा गाडीकडं बघतच नसत. हातातलं तेलकट फडकं खांद्यावर टाकत, विचारणाऱ्याच्या तोंडाकडं निवांत बघत आणि म्हणत, "जायचं कुटंय?"

समोरचा माणूस गडबडून जायचा. "जायचं म्हणजे? दुरुस्त करायचीय हो गाडी."

"ते कळलं. दुरुस्त करून जायचं कुटंय?"

मग तो सांगायचा. मुरुडला मेव्हणीचं लग्न आहे, माहूरला देवीचं दर्शन राहून गेलंय, किंवा नुसतंच, दारात गाडी नसली की बायको बोलते. सगळं ऐकून घेतल्यावरच अप्पा इंजिनात डोकं घालत आणि वार सांगत. "बेस्तरवारी न्या." गुरुवारी ती गाडी गॅरेजच्या दारात रस्त्याकडं तोंड करून उभी असायची. तोंड नेहमी रस्त्याकडंच. गिऱ्हाइकाला गाडी वळवून न्यावी लागली तर अप्पांना आपलं काम अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं.

मी अप्पांना पहिल्यांदा भेटले ती सरकारी जीपच्या निमित्तानं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, इमारती भाड्याच्या आणि आम्ही कर्मचारी चार गावांहून गोळा केलेले. लोक अजून सवयीनं कागद घेऊन उस्मानाबादला जायचे आणि तिथून आमच्या नावानं बोटं मोडत परत यायचे. मी नांदेडची. नवी नोकरी, नवा जिल्हा, आणि वर दुष्काळ. जिल्ह्याच्या वाटणीत आमच्या कार्यालयाला एक जीप मिळाली होती. ज्यांनी ती दिली त्यांनी देताना हसू दाबलं असणार. ती ढकलत अप्पांच्या गॅरेजपर्यंत आणली आणि मी साहेबांनी पढवल्याप्रमाणं विचारलं, "कामाला किती तास लागतील?"

"जायचं कुटंय?"

"टँकर लागणारी गावं बघायला."

अप्पांनी जीपला एक फेरी मारली. "उद्या सकाळी न्या."

"अहो, पण तास किती? मला अंदाजपत्रकात तास लिहायचे आहेत."

"तास तुमी घाला माय," ते म्हणाले. "सरकारकडं लई तास आस्त्यात."

मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जीप रस्त्याकडं तोंड करून उभी होती, आणि त्याच सकाळी अप्पांच्या बायकोनं, महादेवीअक्कांनी, गॅरेजच्या मागची खोली मला भाड्यानं दिली. जिल्हा झाल्यापासून लातुरात कोंबडीच्या खुराड्यालाही भाडेकरू मिळत होता, त्यामुळं मी रागाचं पुढं काही केलं नाही.

गॅरेज गावाच्या टोकाला, अहमदपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. त्याच रस्त्यानं पुढं नांदेड. वर पत्रा, दारात लिंबाचं झाड आणि झाडाखाली एक लाकडी बाक. अप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला इभूत लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत. ती पूजा झाल्याशिवाय पान्याला हात लागत नसे. कुणाची कितीही मोठी गाडी दारात हॉर्न वाजवत उभी राहो. मोठ्यानं बोलायचं खातं अक्कांकडं होतं. अप्पा हळू बोलत, कमी बोलत, आणि कामाला वेळ किती लागेल या एका विषयावर मात्र बोलायला लागले की त्यांना थांबवणं अवघड असे.

"येळ तीन जागी जातो माय," ते मला म्हणाले होते. "येक उघडायचा, येक बसवायचा. आन् मधी वाट बघायचा. सामानाची वाट, लाइटीची वाट. कवा कवा तर मालकाचं मन ठरायची वाट. ह्यो मधला येळ कुनी धरत न्हाई, म्हून सगळे मिस्त्री खोटे पडत्यात."

"तुम्ही धरता?"

"मी धरतो. पर त्याची मजुरी घेत न्हाई. वाट काय मी येकटाच बघत न्हाई, गिऱ्हाईकबी बघतंय की."

अप्पांचा अंदाज चुकल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. तो चुकला एकदाच, आणि चुकला तो ज्यांना ते सगळ्यात जवळून ओळखत होते त्यांच्या बाबतीत. त्या एका चुकीमुळंच मला अप्पा अजून आठवतात.

दिगंबरराव वकील हे अप्पांचे मित्र. मित्र म्हणायचं, पण बोलणं असं फार नाहीच. वकीलसाहेब रोज संध्याकाळी काळा कोट घरी काढून, पांढऱ्या टोपीत यायचे आणि बाकाच्या एका टोकाला बसायचे. अप्पा हात धुऊन दुसऱ्या टोकाला. अक्का चहा आणून द्यायच्या. "काय म्हणता?" "बराय." झालं. अंधार पडला की वकीलसाहेब उठायचे. मला आधी हे विचित्र वाटायचं. पुढं कार्यालयातून येताना बाकावर ती दोन डोकी दिसली नाहीत तर चुकल्यासारखं व्हायला लागलं.

वकीलसाहेबांकडं एक गाडी होती. विलायती, बुटकी, दोनच सीटांची, वर कापडी टप असलेली. फार वर्षांपूर्वी हैदराबादेत एका परत जाणाऱ्या साहेबाकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. अप्पा जवान होते तेव्हापासून त्या गाडीला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला नव्हता. वकीलसाहेबांना एकच मुलगी, मालती. ती गाडी चालवायला शिकली ती त्याच गाडीवर, वडिलांच्या शेजारी बसून. त्या काळात लातुरात मुलगी सायकलवर दिसली तरी लोक दुकानातून बाहेर येऊन बघत. मग पुढं मालतीनं नांदेडच्या एका मास्तरांशी आपल्या मनानं लग्न ठरवलं. जातीतलं नव्हतं. ती ट्रंक घेऊन निघाली तेव्हा वकीलसाहेब दारात, त्या गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, "जा. पण तुला माघारी आणायला ही गाडी कधी येणार नाही."

ती एस.टी.नं गेली. आई वारली तेव्हा एस.टी.नंच आली आणि दिवस संपायच्या आत परत गेली. बापलेक बोलले नाहीत. त्यानंतर वकीलसाहेबांनी गाडीवर ताडपत्री टाकली ती काढलीच नाही. हे सगळं गावाला पाठ होतं, मला ते अक्कांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

दुष्काळाच्या त्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, एका संध्याकाळी चारपाच माणसं ती गाडी ढकलत गॅरेजला घेऊन आली. मागून वकीलसाहेब चालत आले. त्यांच्या हातात तेलकट कागदात गुंडाळलेली एक लांबट पेटी होती.

"अप्पा, दोन्ही कॅमशाफ्ट मागवलेत. एका पक्षकाराचा मुलगा विलायतेला असतो, त्यानं आणून दिले. बसवायचे आहेत. तारीख द्या."

वकीलसाहेब कामाचा दिवस कधी विचारत नसत, तारीख मागत. अप्पांनी इंजिनावरची झाकणं काढली. कॅमशाफ्ट म्हणजे अंगावर उंचवटे असलेला फिरता दांडा. तो फिरतो तसतसे उंचवटे इंजिनाच्या झडपा उघडतात आणि मिटू देतात. साध्या गाडीला असा एक दांडा असतो, या गाडीला डोक्यावर दोन. ते इतके झिजले होते की अप्पांनी बोट फिरवून नुसती जीभ चुकचुकवली. मग फडकं खांद्यावर टाकलं. आता "जायचं कुटंय" विचारणार म्हणून मी हसायच्या तयारीत होते.

अप्पांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "पाऊस पडल्यावर."

मी बघतच राहिले. दिवाळी नुकती झालेली, पाऊस जूनशिवाय नाही, आणि तो तरी येईल याची खात्री कुणाला होती? वकीलसाहेब पेटी अप्पांच्या हातात देत म्हणाले, "ठीक आहे. घाई नाही."

त्या दोन वाक्यांत दोघंही खोटं बोलत होते. मला ते पुढं कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी वकीलसाहेबांना सांगितलं होतं की तुमची नजर जाणार. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हा काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही. वकीलसाहेब घरी आले, कधीची मागवून ठेवलेली पेटी घेतली आणि गाडी बाहेर काढली. नजर आहे तोवर स्वतः चालवत नांदेडला जायचं, ती गाडी मुलीच्या दारात उभी करायची आणि तिला बघायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. बोललेलं परत घ्यायचं तर गाडीसकट घ्यायला पाहिजे, हा त्यांचा वकिली हिशेब. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही.

आणि अप्पांचा हिशेब वेगळाच होता. हैदराबादचा एक दलाल त्या गाडीसाठी दोनदा येऊन गेला होता आणि वकीलसाहेबांचा पुतण्या गावभर सांगत होता की काका गाडी काढायला तयार झाले. अप्पांना वाटलं, घरचे मागं लागलेत, म्हातारा भिडेपोटी नाही म्हणत नाही, आणि आपल्याकडं गाडी आणलीय ती लांबण लागावी म्हणूनच.

"रातभर इचार केला असंल त्यानं," अप्पा दुसऱ्या दिवशी मला म्हणाले. "काशिनाथकडं टाकावं, त्यो समजून घेईल म्हनला आसंल."

"पण खरं किती दिवसांचं काम आहे?"

"दांडा काढायला कितीसा येळ? चहा प्यायचा येळ. पर चूल पेटवायची, दूध आणायचं, कप धुवायचं, ते कोण मोजायचं? ते सगळं धरलं तरी आठवडाभर."

"आणि तुम्ही पाऊस सांगितलात!"

"ते खोटं न्हाई माय. नव्या कॅमला पैल्यांदा इंजन चालू केलं की जोरात पळवायला लागतंय, नुसतं गुरगुरत ठिवलं तर नवा कॅम बी खरवडून जातो. तापतंय लई. पाणी पायजे. आन् पाणी हाय कुटं?"

पाणी खरोखरच नव्हतं. मांजरा नदी कोरडी पडली होती. टँकर आला की गल्लीत अशी झुंबड उडायची की चांगल्या घरच्या बायका पदर खोचून एकमेकींच्या सात पिढ्या काढायच्या. अप्पांनी गॅरेजात नियमच केला होता, रेडिएटरचं काम असेल त्यानं आपली घागर आपण आणायची. त्यामुळं पाऊस पडल्यावर हे उत्तर कुणालाच खटकलं नाही. त्या वर्षी लग्नं, घराचं बांधकाम, उसनंपासनं, सगळंच पाऊस पडल्यावर होणार होतं.

ती गाडी कोपऱ्यात उभी राहिली. उघड्या इंजिनावर अक्कांचं जुनं लुगडं झाकलेलं. वकीलसाहेब रोज यायचे, बाकावर बसायचे, पण गाडीचं एका अक्षरानं विचारायचे नाहीत. एकदा तारीख पडली की मधेच निकाल मागू नये, आणि मागितला तर अप्पांच्या हातावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं त्यांना वाटायचं. अप्पा मात्र मनातून खूश होत.

"बग, इचारत न्हाईत," ते मला हळूच म्हणत. "मी बरोबर वळखलं."

वकीलसाहेब मला मात्र विचारायचे. मी सुट्टीला नांदेडला जाऊन आले की हमखास. "लोह्याच्या पुढं रस्ता कसा आहे हो?" "खडी उघडी पडलीय का? बुटक्या गाडीचं पोट घासेल का?" एकदा विचारलं, "नांदेडात वजिराबादेला आत गल्लीत गाडी वळते का?" मी आपलं उत्तर द्यायची. म्हातारा माणूस, वेळ जायला बोलतो, एवढंच माझ्या डोक्यात. उन्हाळा लागला तसे ते काठी घेऊन यायला लागले. बसण्याआधी हातानं बाक चाचपायचे. त्यांचं तोंड मात्र कायम अहमदपूरच्या रस्त्याकडं असायचं. वयाप्रमाणं होतंय, असं आम्ही सगळे म्हणालो.

मे महिन्यातल्या एका दुपारी अप्पा भाकरी खात होते आणि मी नांदेडहून आणलेलं लोणचं त्यांच्या ताटात वाढत होते. सहज बोलून गेले, "तुमचे वकीलसाहेब नांदेडचा एकेक खड्डा माझ्याकडून पाठ करून राहिले. लोह्याचा रस्ता झाला, वजिराबादची गल्ली झाली."

अप्पांचा घास हातातच राहिला. "नांदेड? कशाला?"

"त्यांची मुलगी वजिराबादेतच राहते ना?"

अप्पांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मी इचारलंच न्हाई." उठले, हात न धुता चपला घातल्या आणि भर उन्हात निघाले. मला काय वाटलं कोण जाणे, मीही मागं निघाले.

वकीलसाहेब ओसरीवर खाटेवर बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली, पण आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

"कोण?"

"मी काशिनाथ. वकीलसाब, जायचं कुटंय?"

वकीलसाहेब एकदम हसले. कितीतरी दिवस या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखे. "नांदेडला."

"मंग बोललाव का न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही."

"तुमी घाई न्हाई म्हनलाव!"

"तुम्ही पाऊस म्हणालात, अप्पा. तुमचा अंदाज कधी चुकत नाही. मी म्हटलं, काम अवघड असेल, मिस्त्रीला कशाला घाई करायची."

अप्पा खाटेच्या कडेला हात धरून खाली बसले. "मला वाटलं तुमाला इकायची न्हाई. मी आपला... तुमच्यासाठी लांबवायलालो."

आत कुणीतरी रिकामी घागर खाली ठेवली त्याचा आवाज आला. मग वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "आता मला चालवता यायची नाही. उजेड आणि सावली तेवढी कळते. दिवाळीत चांगलं दिसत होतं." त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, अप्पांना काहीतरी बोलता आलं असतं.

परत येताना मी विचारलं, "अप्पा, किती दिवस लागतील?" मला तरी कुठं जायचं होतं, पण विचारलं.

"आता येळ इचारू नको माय," ते म्हणाले. "हाय तेवढा सगळा त्याचाच."

अप्पांना काम करताना मी रोज बघत होते, पण त्या आठवड्यात ते वेगळेच होते. दारातली बाकीची गिऱ्हाइकं त्यांनी हात जोडून परत पाठवली. दांडे फिरवणाऱ्या चेनला आणि तिच्या दातेरी चाकांना खुणा केल्या, दांड्यांवरच्या पकडी टोकाकडून मधे, थोड्या थोड्या सैल केल्या. जुने दांडे निघाले, नवे बसले. हे सगळं खरंच चहा प्यायच्या वेळात झालं. खरा वेळ खाल्ला तो पुढच्या कामानं. प्रत्येक झडपेवर एक लहानशी पोलादी चकती असते. चकतीची जाडी केसाएवढी चुकली तरी झडप नीट मिटत नाही. आणि ती चकती बदलायची तर बसवलेला दांडा पुन्हा काढावा लागतो. नव्या चकत्या लातुरात काय, हैदराबादेतही मिळाल्या नसत्या. अप्पा जुन्याच चकत्या दगडावर घासत, बसवत, पातळ पट्टी घालून फट मोजत, मान हलवत आणि पुन्हा सगळं उघडत. पुन्हा घासत. अक्का बाकावर चहा ठेवून जायच्या आणि गार झालेला परत घेऊन जायच्या.

शेवटी इंजिन बसलं आणि पाण्याचा प्रश्न उभा राहिला. अप्पांनी घरातल्या घागरीकडं बघितलं. अक्का घागरीच्या आडव्या उभ्या राहिल्या.

"माणसाला प्यायला न्हाई आन् लोखंडाला पाजायलाव? उद्या टँकर न्हाई आला तर मी काय रांधू, तुमचं इंजन?"

"पोरीला आणायला जायचंय," अप्पा म्हणाले.

अक्कांनी बघितलं त्यांच्याकडं. मग घागर स्वतःच उचलली, बाहेर नेली आणि अप्पांच्या हातात न देता आपणच रेडिएटरमध्ये ओतली. माझ्या खोलीतला पितळी हंडा मी आणला. इंजिनानं पहिल्यांदा खोकल्यासारखं केलं आणि मग असं गरजलं की लिंबावरचे कावळे उडाले. अप्पांनी त्याला गुरगुरू दिलं नाही, तसंच पळवत ठेवलं. पाणी उकळायला आलं की अक्का तांब्या तांब्या ओतत आणि पुटपुटत. त्या दिवशी आमच्याकडं स्वयंपाक झाला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी रस्त्याकडं तोंड करून उभी होती. वकीलसाहेब इस्त्रीचा कोट घालून आले. चालवणार अप्पा, कारण गाडी ओळखणारा दुसरा माणूस नव्हता. वकीलसाहेबांनी हातानं दार शोधलं, उघडलं, एक पाय आत ठेवला आणि थांबले.

"अप्पा," ते म्हणाले, "सीटा दोनच आहेत."

आमच्यापैकी कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. वकीलसाहेबांनी पाय बाहेर घेतला. "मी बसलो तर येताना ती कुठं बसेल? तुला आणायला गाडी येणार नाही असं तिला म्हटलं होतं. आणायला जायचं तर जागा रिकामी पाहिजे." त्यांनी दार हळूच लावलं आणि वरून एकदा दाबून बघितलं. "तुम्ही एकटे जा."

"आन् काय सांगू?"

"काही सांगू नका. दारात उभी करा. तिला कळेल."

"न्हाई आली तर?"

"तर तसेच परत या," वकीलसाहेब म्हणाले. "वाट बघायची मजुरी तुम्ही घेत नाही ना?"

अप्पा गेले. वकीलसाहेब बाकावर आपल्या टोकाला बसले ते दिवसभर हलले नाहीत. सावली सरकली तसं आम्ही बाक सरकवलं. अक्कांनी भाकरी आणली, ती त्यांनी नुसतीच मोडली. मी त्या दिवशी कार्यालयात गेले नाही. रस्त्यावरनं ट्रक जात, टँकर जात, एस.टी. जात, आणि प्रत्येक वेळी मी वकीलसाहेबांच्या तोंडाकडं बघे. ते मान हलवत, ही नव्हे. येणार नाही ती, का यावी, असं एक मन म्हणत होतं.

ऊन उतरल्यावर त्यांनीच आधी ऐकलं. मला रस्त्यावर काहीच दिसत नव्हतं. ते काठी टेकून उभे राहिले.

"आली," ते म्हणाले. मग कान देऊन ऐकत राहिले. गॅरेजच्या अलीकडं थोडा चढ होता, गाडी त्या चढाला लागली असावी. वकीलसाहेबांचा चेहरा एकदम बदलला.

"अप्पा चालवत नाहीत."

"म्हणजे?"

"चढावर गिअर उशिरा टाकला. अप्पा असा टाकत नाहीत. ती टाकते. किती वेळा सांगितलं तिला, इंजिन रडायच्या आत टाक म्हणून." आणि हे बोलताना ते स्वतःच रडत होते.

धुळीतून गाडी पुढं आली. चालवत होती ती डोक्यावर पदर घट्ट बांधलेली, कानाशी पांढरे झालेले केस असलेली बाई. शेजारी अप्पा दोन्ही हातांनी दाराची कड धरून अंग चोरून बसले होते. गाडी थांबली. मालतीताई उतरल्या, वडिलांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की वडील आपल्या तोंडाकडं नाही, थोडं बाजूला बघताहेत. त्यांनी वडिलांचा हात धरला आणि स्वतःच्या गालावर नेला. वकीलसाहेबांची बोटं कपाळावरून केसांत गेली.

"केस पिकले का ग तुझे?"

"थोडे," त्या म्हणाल्या.

अक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. अप्पा तिथं थांबलेच नाहीत. ते गाडीमागं जाऊन उगाचच टायर बघत बसले होते.

पुढं मालतीताई वडिलांना नांदेडला आपल्या घरी घेऊन गेल्या, त्याच गाडीनं. वकीलसाहेब जाताना अप्पांना म्हणाले, "उशीर झाला, पण काम पक्कं झालं." अप्पांनी ते कधी मानलं नाही. गावात लोक त्यांची तारीफ करायचे, हातानं चकत्या घासून विलायती गाडी उठवली म्हणून, तेव्हा ते उठून आत जायचे. एकदाच मला म्हणाले, "त्येनं पोरीचा आवाज आयकला माय. हात लावला. पर तोंड न्हाई बघितलं. बघायचे दिस व्हते तवा मी हितं बसून मला सगळं कळतंय म्हनायलालो."

पाऊस आला. बऱ्यापैकी आला. संध्याकाळी अप्पा बाकावर बसत ते आपल्याच टोकाला. दुसरं टोक मोकळं. अक्का चहाचे दोन कप आणत आणि दुसरा मला देत, पण त्या टोकाला बसायचा धीर मला कधी झाला नाही. मी लिंबाला टेकून प्यायची. वकीलसाहेब गेल्याची खबर आली तेव्हाही अप्पा तसेच बसले होते, अहमदपूरच्या रस्त्याकडं तोंड करून.

नंतर माझी बदली झाली. नांदेडलाच, घरी. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, अप्पांना तर आदल्या आठवड्यापासून. अक्कांनी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ट्रंक अप्पांनी स्वतः रस्त्याच्या कडेला आणून ठेवली होती. एस.टी. लांबून दिसायला लागली तशी मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"जायचं कुटंय?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "नांदेडला, अप्पा. तुम्हाला माहीत नाही का?"

अप्पा आता नाहीत. ते गॅरेजही नाही, तिथं मोठं दुकान झालंय म्हणतात. पण घरातलं कुणी चप्पल घालून निघालं, रोजचंच, रोजच्याच ठिकाणी, तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारते आणि पोरं वैतागतात. त्यांना काय सांगू? त्या दिवशी एस.टी. थांबली, कंडक्टरनं ट्रंक वर घेतली, आणि अप्पा मला हळू आवाजात म्हणाले होते, "म्हाईत आसलं तरी इचारावं माय."